हिरवा म्हणणारी बाई

मला खोटं बोलायला सांगणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. पण भर सकाळी, तिसऱ्या माणसाच्या तोंडासमोर, हसऱ्या चेहऱ्यानं आणि स्वच्छ पुणेरी मराठीत सांगणारा आशुतोष पहिलाच.

"ताई, काही दिसलं नाही म्हण," तो म्हणाला. "नेम चुकला, गोळी मातीत गेली. बस. बाकी मी बघतो."

चहात साखर किती घालू असं विचारल्यासारखा चेहरा होता त्याचा. आणि शेजारी कोर उभा! सत्तरीचा डच शिकारी. त्या शेताचे नि मागच्या जंगलाचे शिकारीचे हक्क त्याच्याकडे, मचाण त्याचं, बोलावणं त्याचं. मराठीचं अक्षर कळत नसल्यामुळे बिचारा एकदा आशुतोषकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"काय पाहिलंस?" त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं.

पाहिलं होतं मी. फक्त मीच पाहिलं होतं. दोन मिनिटांपूर्वी आशुतोषनं चारशे बारा मीटरवरच्या हरणावर गोळी झाडली होती. गोळी सुटली की रायफल मागे धक्का देते, तेवढा क्षण झाडणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. कोरला साध्या डोळ्यांनी एवढ्या लांबचं दिसणार काय? तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून मी बसले होते.

आता मी, लतिका, वय चव्वेचाळीस, अंडं घातलेला केकसुद्धा न खाणारी बाई, बेल्जियमच्या सीमेवरच्या त्या मचाणावर काय करत होते ते सांगते. नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये रायफलींवरच्या दुर्बिणी बनवणारी एक कंपनी आहे. गोळी किती अंतरावर किती खाली पडेल, वारा तिला किती ढकलेल, हे गणित मी तिथं लिहिते. पाच वर्षं झाली. माझा नवरा शैलेंद्र चारचौघांत माझी ओळख "आमची शुद्ध शाकाहारी शिकारी" अशी करून देतो आणि स्वतःच हसतो. मी म्हणायचे, "आम्ही आकडे विकतो. कोण कशावर झाडतो ते ज्याचं त्यानं बघावं." फार शहाणपणाचं वाटायचं मला हे वाक्य.

ही नोकरी मला आशुतोषनंच लावून दिली, तो आधीपासून त्याच कंपनीत. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. बालेवाडीच्या रेंजवर राज्यपातळीची पदकं मिळवलेला नेमबाज, आणि दर भाऊबीजेला माझ्या घरी पाटावर बसणारा. इथं शिकारीचा परवाना मिळवायला वर्षभर अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते. झाडं, पक्षी, कायदा, नेम, सगळं. हा पठ्ठ्या पहिल्या झटक्यात पास. आम्ही त्याच्यासाठी बासुंदी केली होती.

तर आमच्या दोघांचं लाडकं लेकरू म्हणजे हिरवा दिवा. अंतर, वारा, रायफल आणि नेमबाजाची आजवरची कामगिरी बघून माझं गणित सांगायचं की शंभरातल्या पंच्याण्णव गोळ्या बरोबर जागी लागतील का. लागणार असतील तर दिवा हिरवा, नाहीतर लाल. हजारो गोळ्या लोखंडी पाट्यांवर झाडून आम्ही ते तपासलं होतं. आकडा चुकत नव्हता. दिवा अजून रायफलीवरच्या दुर्बिणीत बसवला नव्हता. तो माझ्या दुर्बिणीत लागायचा, आणि लागला की मी मोठ्यानं "हिरवा" म्हणायचं. एवढंच माझं काम. एकदा कोरसारख्या जुन्या, मानाच्या शिकाऱ्यानं "चांगलं आहे" म्हटलं, की उन्हाळ्यात दिवा बाजारात.

कोरनं मचाण चढतानाच सांगितलं होतं, "मी सव्वाशे मीटरच्या पुढे झाडत नाही. नेम लागत नाही म्हणून नाही. एवढ्या लांबून ते जनावर पुढे काय करणार ते कळत नाही. जवळ येईपर्यंत थांबायचं. नाही आलं तर घरी जायचं." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं आपलं जुनंच तुणतुणं.

साडेआठला जंगलाच्या कडेनं ते बाहेर आलं. आपल्या भेकराएवढं हरीण. इथं त्याला रे म्हणतात. वर्षाचा नर, बोटभर शिंगं, नुकतंच उगवलेलं गवत खात उभा. आशुतोष वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून बसला, आणि तो बसला की बघत राहावं असं बसतो, खोटं कशाला बोलू. श्वास निम्मा सोडून थांबतो, खांदे सैल, बोट दगडावर ठेवल्यासारखं स्थिर. मी अंतर मोजलं, वाऱ्याचा आकडा भरला. माझ्या डोळ्यांसमोर दिवा लागला.

"हिरवा!" मी म्हटलं.

त्याच वेळी कोर हळूच म्हणाला, "वाख्त." थांब. नऊ वर्षं काढलीत मी ह्या देशात, हा शब्द मला कळतो. मी ऐकला तो. आशुतोषनं मात्र माझा ऐकला.

चारशे बारा मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो. तो आकडा माझ्या तक्त्यात सातव्या रकान्यात आहे, मीच लिहिलाय. त्या अर्ध्या सेकंदात हरणानं एक पाऊल पुढे टाकलं. बस, एक पाऊल. लोखंडी पाटी कधी पाऊल टाकत नाही हो! जिथं छाती होती तिथं आता पोट आलं. हरणाची पाठ एकदम वर उचलली गेली, कमानीसारखी, मागचे पाय झटकले, आणि ते पळालं नाही. चालत गेलं. पाठ तशीच वाकलेली, मान खाली, अगदी हळू हळू, पोटात मुरडा आलेलं माणूस भिंतीचा आधार शोधत जातं तसं, जंगलात गेलं.

"मिस!" आशुतोष म्हणाला. आणि मग कोरनं मला विचारलं, आणि मग आशुतोषनं ते हसत हसत सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. खोटं बोलायला सांगितलं ह्याचा राग आलाच, पण आपली भाषा त्यासाठी वापरली ह्याचा जास्त आला. भाऊबीजेला "ताई, अजून एक करंजी" म्हणायची भाषा ती.

"गप्प बस, गाढवा!" मी त्याला मराठीत म्हटलं, आणि कोरकडे वळून डचमध्ये सांगितलं, मोडक्यातोडक्या, पण सगळं. पाठ वाकली. पाय झटकले. चालत गेलं.

कोरनं डोळे मिटले. "पोटात," तो म्हणाला. आणि मचाण उतरायला लागला.

हरीण उभं होतं तिथं आम्ही गेलो. मला वाटलं होतं रक्ताचं थारोळं असेल. रक्त जेमतेम चार थेंब. थोडे केस, आणि गवतावर हिरवट, ओलसर काहीतरी, चावलेल्या गवताचा चोथा. कोरनं तो बोटावर घेऊन हुंगला आणि माझ्यापुढे धरला. आंबूस, शेणासारखा वास. सकाळचं खाल्लेलं, पोटातून बाहेर आलेलं. मी बांधावर जाऊन ओकले. पाच वर्षं "बरोबर जागी लागतील" असं लिहीत होते मी, आणि चुकीच्या जागी लागलं की काय होतं हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं कुणाला.

कोरनं ट्रूसला फोन लावला. ट्रूस म्हणजे जखमी जनावराचा माग काढणारी बाई. तिच्याकडे त्यासाठीच शिकवलेली कुत्री असते. गाडीला आपटलेली, गोळी लागून पळालेली हरणं ती शोधते आणि संपवते. पैसे घेत नाही. कोरनं फोन माझ्या हातात दिला. "जिनं पाहिलं तिच्याशी बोलायचंय तिला."

तिनं चारच प्रश्न विचारले. किती वाजता? पाठ वाकली? पळालं की चाललं? गवतावर पडलेलं कुठल्या रंगाचं? मग म्हणाली, "मी साडेबाराला येते. तोपर्यंत जंगलात कोणीही पाऊल टाकायचं नाही."

"साडेबारा?" माझा आवाज चढला. "अहो आत्ता नऊ वाजताहेत! ते तिथं मरतंय!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "पोटात लागलेलं जनावर पहिल्या झुडपात बसतं. त्याला सोडलं तर तिथंच बसून राहतं, तिथंच मरतं, नाहीतर इतकं थकतं की उठवत नाही. मग मला दोन मिनिटांचं काम. आत्ता गेलं कोणी तर ते उठेल. उठलं की किलोमीटर न् किलोमीटर जातं. कॉफी प्या आणि बसून राहा."

कॉफी प्या! कप्पाळ माझं!

कोरच्या लाकडी खोपटात आम्ही बसलो. त्यानं खरंच कॉफी केली. आपल्या हातून अर्धमेलं झालेलं जनावर दोनशे पावलांवर पडलंय आणि आम्ही बिस्किटाचा डबा पुढेमागे सरकवतोय. मला त्या सगळ्या शहाण्या लोकांची, त्यांच्या नियमांची, त्या भिंतीवरच्या शिंगांची शिसारी आली. कोर बाहेर जाऊन पायरीवर बसला, तसा आशुतोष माझ्याकडे वळला.

"काय मिळालं तुला सांगून?" तो म्हणाला. "त्यानं थांब म्हटल्यावर झाडलीय मी. त्यानं कळवलं तर परवाना जाईल माझा. कंपनीचं तर सोडूनच दे."

"आणि न सांगता ते तिथं कुजत पडलं असतं, ते चाललं असतं तुला?"

"पाच टक्के, ताई. शंभरात पाच चुकणार असं तूच लिहिलंस ना? हा त्या पाचांतला."

"वा रे वा, चोराच्या उलट्या बोंबा!"

"मग हिरवा कोण म्हणालं?"

तो रायफलीच्या पेटीवर डोकं टेकून बसला, आणि खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की हा रडतोय. एरवी मी पाठीवरून हात फिरवला असता. त्या दिवशी नाही फिरवला.

दहा वाजायला आले. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, घरून भरून आणलेली, भरलेलीच. ती मी मांडीवर घेऊन बसले होते. आता हे मी सांगते ते कुणाला पटणार नाही, पण मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. कोथरूडला ती पलंगावर, आणि मी टिलबर्गच्या स्वयंपाकघरात फोन धरून उभी. तिचा घसा घरघरत होता आणि मी इकडून ओरडत होते, "अगं पाणी घाला तिच्या तोंडात, पाणी घाला!" वहिनीनं चमच्यानं घातलं. तुळशीचं पान ठेवलं. मी फोनवर बघितलं. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं, ते मला घालता आलं नाही, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. आणि आता दोनशे पावलांवर एक जीव तहानेनं तडफडत होता, माझ्यामुळे, आणि बाटली माझ्या मांडीवर होती.

"जरा पाय मोकळे करून येते," मी आशुतोषला म्हटलं.

हो, खोटंच बोलले. तासापूर्वी खोट्यावरून त्याला फाडून खाल्लेली मी.

खोपटाच्या मागच्या बाजूनं गेले, कोरला दिसले नाही. जंगलात शिरले. पाइनची झाडं, खाली वाळलेलं नेच्याचं रान. फार शोधावं लागलं नाही. एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला ते बसलं होतं, पाय पोटाखाली घेऊन, अगदी शहाण्यासारखं. मान वर होती. तोंड उघडं. डोळे माझ्यावर.

मी वाकले. बाटलीच्या झाकणाला हात घातला. "थांब बाळा," मी म्हटलं, "थांब, पाणी देते."

मी दहा पावलांवर असताना ते किंचाळलं. हरीण किंचाळतं हे मला माहीत नव्हतं. लहान मूल गरम तव्याला हात लागल्यावर ओरडतं, तसा आवाज. आणि ते उठलं. जे उठू नये म्हणून सगळे बसून होते ते माझ्या प्रेमापोटी उठलं! दोनदा पडलं, पुन्हा उठलं. पोटाखाली काहीतरी लोंबत होतं, ते नेच्यात अडकलं, तरी ते गेलं. ते काय होतं ते मला सांगायचं नाही. मी मागे धावले, "नको, नको, थांब" ओरडत, आणि जितकी मी ओरडत गेले तितकं ते पुढे गेलं. जंगल संपलं, पाण्याचा एक रुंद चर आला, त्यात ते पडलं, पलीकडे चढलं, उघड्या शेतातून लंगडत पुढच्या झाडीत दिसेनासं झालं. चराच्या काठाला एक जुना लोखंडी खांब होता. पलीकडे बेल्जियम.

मी तिथं चिखलात बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आई म्हणायची. एवढा मोठा मारुती माझ्या हातून कधी झाला नव्हता.

परत जाताना मला एकदा वाटलं, न सांगता चालेल. कुणी पाहिलं नाही. ट्रूस येईल, कुत्री माग काढेल, हरीण आपण होऊन तिकडे गेलं असं सगळे समजतील. मी कोरच्या पायरीपाशी पोचेपर्यंत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मग आशुतोष दारात आला. त्याचे डोळे सुजलेले. त्यानं माझे चिखलानं भरलेले गुडघे पाहिले, हातातली बाटली पाहिली, आणि त्याला सगळं कळलं. आपला माणूस आहे तो, त्याला कळणारच. पण तो कोरच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला. माझ्यासाठी खोटं बोलायला तो तयार होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. ते मला सोसलं नाही.

"मी गेले होते," मी कोरला म्हटलं. "पाणी द्यायला. ते उठलं. चर ओलांडून गेलं."

कोरनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं घड्याळ पाहिलं, खिशातल्या वहीत वेळ लिहिली, आणि मला नीट ऐकू यावं म्हणून सावकाश म्हणाला, "तू घरी जाऊ शकतेस."

"नाही जात," मी म्हटलं.

साडेबाराला ट्रूस आली. साठीची, बुटकी, रबरी बूट, आणि बरोबर लालसर, लांब कानांची कुत्री. कोरनं तिला बाजूला नेऊन सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. रागावली नाही, मला एवढंच म्हणाली, "कुठे बसलं होतं ते दाखव."

कुत्रीनं नाक खाली घातलं आणि लांब पट्टा ताणून निघाली. खोडाजवळ थांबली. ट्रूसनं तिथल्या दबलेल्या गवतावर तळहात ठेवला. "इथंच मेलं असतं," ती म्हणाली. "एव्हाना मेलं असतं, किंवा मी येऊन लगेच संपवलं असतं. बघ किती नीट जागा शोधली होती त्यानं." ती हे टोचून बोलत नव्हती. खरं ते सांगत होती, आणि त्यामुळेच मला तिथं उभं राहवेना.

चराशी कुत्री पाण्यात उतरली आणि ट्रूसनं तिला मागे ओढलं. रायफल घेऊन पलीकडे जाता येत नाही. त्या जमिनीचा शिकारी वेगळा, परवानगी वेगळी, देशच वेगळा. कुत्री मात्र पलीकडे बघून रडत होती, तिला देश कुठे ठाऊक! ट्रूसनं फोन करायला सुरुवात केली. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं तिसऱ्याचा नंबर दिला. तिसरा कामावर होता, तीनला सुटलो की आपला कुत्रा घेऊन तिकडून शोधतो म्हणाला.

आम्ही चौघं चराच्या काठावर थांबलो. पुन्हा थांबणं. सकाळी ज्या थांबण्याचा मला संताप आला होता त्यानं सगळं सावरलं असतं, आणि आताच्या ह्या थांबण्यानं काहीच सावरणार नव्हतं. आशुतोष माझ्या शेजारी येऊन बसला.

"ताई, ते माझ्यामुळे," तो म्हणाला.

"सकाळचं तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे," मी म्हटलं. "दहानंतरचं माझ्या एकटीमुळे. उगाच वाटे घालू नकोस."

थोड्या वेळानं कोर आमच्या मागे येऊन उभा राहिला. "तुमच्या कंपनीला मी काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सोमवारी मीच सांगते," मी म्हटलं. "माझा दिवा आहे, मीच काढते. त्यांना नको असेल तर मला काढतील." नोकरी गेली की इथं राहायचा परवानाही डळमळतो, हे मला माहीत आहे. तेव्हा आठवलंसुद्धा नाही. मनात एकच होतं, तो आवाज अजून येतोय का.

चार वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या झाडीतून गोळीचा आवाज आला. एकच. म्हणजे तोपर्यंत ते जिवंत होतं. सकाळी साडेआठ ते चार दहा. सात तास चाळीस मिनिटं. हे गणित मी हजारदा केलंय तेव्हापासून, उत्तर तेच येतं. मी तोंडात पदर कोंबावा तशी जॅकेटची बाही कोंबली आणि ओरडले.

बेल्जियमकडच्या माणसानं ते खांद्यावरून आणून चराच्या काठाशी ठेवलं. दोन मीटरच्या पलीकडे. किती लहान होतं! ट्रूस कुत्रीला घेऊन रबरी बुटांनिशीच चरातून पलीकडे गेली, आणि आम्हाला पण या म्हणाली. कमरेपर्यंत भिजलो.

ट्रूसनं पाइनची एक डहाळी मोडली. हरणाला उजव्या कुशीवर निजवलं, पाय सरळ केले, आणि डहाळीचं टोक त्याच्या तोंडात, दातांमध्ये, अगदी अलगद ठेवलं.

"तुळशीपत्र!" मी मराठीतच बोलून गेले.

ट्रूसनं वर पाहिलं. मी सांगितलं तिला, जमेल तसं. आमच्याकडे माणूस जाताना तोंडात पाणी घालतात, एक पान ठेवतात. म्हणून गेले होते मी सकाळी.

"हा शेवटचा घास," ती म्हणाली. "आमच्याकडे मेल्यावर देतात. आधी नाही." आणि बराच वेळ हरणाच्या कानामागे हात फिरवत राहिली.

मग तिनं दुसरी डहाळी मोडली, टोपीवर ठेवली आणि टोपी पुढे केली. इथली रीत आहे, ती झाडणाऱ्याला देतात. आशुतोष जागचा हलला नाही.

"ताई," तो मराठीत पुटपुटला, "नको म्हण ना तिला. मला नाही घेववत."

"काय म्हणतोय?" कोरनं मला विचारलं, अगदी सकाळच्यासारखंच.

"त्याला घेववत नाही म्हणतोय," मी जसंच्या तसं सांगितलं.

"घ्यावीच लागते," ट्रूस म्हणाली. "बक्षीस नाही ते."

मी बाटली काखेत मारून पुढे झाले आणि ती डहाळी उचलली. चिवट होती, पिळून पिळून तोडावी लागली. अर्धी आशुतोषच्या हातात कोंबली, त्याची मूठ मिटली. अर्धी माझ्याकडे ठेवली.

"हिरवा मी म्हटलं होतं," मी ट्रूसला सांगितलं.

तिनं मान डोलावली. मग तिचं लक्ष माझ्या काखेकडे गेलं. बाटली अजून माझ्याजवळच होती, सकाळपासून, भरलेली. तिनं खिशातून घडीची रबरी वाटी काढली आणि कुत्रीपुढे मांडली.

"हिला दे," ती म्हणाली. "साडेबारापासून हिनं पाण्याचा थेंब घेतला नाही."

मी वाटीत पाणी ओतलं. कुत्री लपलप करून प्यायली, वाटी चाटली, वर माझ्याकडे पाहिलं. मी उरलेलंही ओतलं.